सोनोग्राफीला निघण्याआधी

(दृश्य : सकाळचे नऊ, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका सोनोग्राफी सेंटरचं वेटिंग)

या मावशी गारगोटीहून पहिल्या एसटीनं आल्यात. पित्ताशयात खडे आहेत का बघायचंय. काउंटरवरची मुलगी विचारते, "मावशी, काही खाल्लंय काय?" "न्हाई गं, स्टँडवर नुसता चहा घेतला आणि दोन खारी." झालं, आता दुपारपर्यंत थांबा नाहीतर उद्या परत या. आणि यात मावशींची काही चूक नाही बरं का, चिठ्ठीवर 'उपाशी या' एवढंच लिहिलेलं, आणि आपल्याकडं चहाला कोण खाणं म्हणतंय?

(दृश्य : मशीनचा स्क्रीन, पित्ताशय)

उपाशी का, ते बघा. लिव्हरखाली पित्ताची छोटी पिशवी असते. आपण सहा ते आठ तास काही खाल्लं नाही की ती पित्तानं भरून फुगते, आणि मग आतला खडा स्क्रीनवर चक्क दिसतो. पोटात दूध, तेल, तूप गेलं की ती आकसते आणि लहान खडा त्यात लपू शकतो, म्हणून दुधाचा चहासुद्धा नको. दुसरं कारण गॅसचं. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी आत सोडतात, आपल्या कानाला न ऐकू येणाऱ्या, आणि त्यांना हवेतून पुढं जाताच येत नाही, आतड्यात गॅस असला की मागचं स्वादुपिंड दिसतच नाही. पोटाला ते गार जेल लावतात ना, तेपण मशीन आणि कातडीच्या मधली हवा घालवायलाच. म्हणून आदल्या रात्री हलकं जेवा, तांबडा-पांढरा आणि मिसळ तपासणी झाल्यावर. साधं पाणी सहसा चालतं. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेता येते, पण शुगरवाल्यांनी उपाशीपोटी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन बसू नका, शुगर एकदम खाली येऊ शकते, आधी डॉक्टरांना विचारा आणि सकाळचा पहिला नंबर मागून घ्या.

(दृश्य : पाण्याची बाटली, भिंतीवरचं घड्याळ)

ओटीपोटाचं मात्र वेगळं. गर्भाशय, प्रोस्टेट, लघवीच्या वाटेतला खडा बघायचा असला की तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्यायचं आणि लघवी रोखून धरायची. भरलेली लघवीची पिशवी आतडी बाजूला सारते आणि पाण्यातून लहरी सरळ पलीकडं जातात. पण नंबर लांबला आणि सहनच होईना तर लाजू नका, काउंटरला सांगा, कळ काढत बसू नका. प्रोस्टेटवाल्या काकांना नंतर लघवी करून परत झोपवतात, पिशवीत किती लघवी शिल्लक राहते ते मोजायला. आणि बायकांची आतून करतात ती तपासणी असली तर उलट लघवीची पिशवी रिकामी लागते. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारायचं : कसली सोनोग्राफी, उपाशी यायचं का, पाणी पिऊन यायचं का. तीन प्रश्न, पण गगनबावड्याहून येणाऱ्या माणसाचा अख्खा दिवस आणि रोजगार वाचतो. अचानक पोटात जोरात दुखायला लागलं तर मात्र उपाशी-बिपाशी बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

(दृश्य : गरोदर बाई, सोबत सासूबाई)

गरोदरपणात उपाशी राहायची गरज नसते. तारखा तेवढ्या सांभाळा : एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजतात ती) ११ ते १३ आठवडे ६ दिवस या काळातच, आणि बाळाच्या अवयवांची तपासणी साधारण १८ ते २२ आठवड्यांत. डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र बरोबर घ्या, गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार एफ फॉर्म भरून सही द्यावी लागते. मुलगा की मुलगी हे विचारणंसुद्धा गुन्हा आहे, नातेवाईकांनीही. २०१० च्या सुमारास याच कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी मशीनना सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारी यंत्रं, बसवली होती, इतकं हे काम कडक, त्यामुळं फॉर्म भरायला वेळ लागला म्हणून तिथल्या ताईंवर चिडू नका.

सैल कपडे घाला, आणि जुने रिपोर्ट घरी कपाटात ठेवून येऊ नका. मागच्या वेळी खडा पाच एमएमचा होता आणि आता आठचा झालाय, हे डॉक्टरांना जुना कागद समोर असल्याशिवाय कसं कळणार?