पिंजरा एक, भाषा दोन

[दृश्य: मोबाईलच्या पडद्यावर एक फोटो. गॅलरीतल्या पिंजऱ्यात ससा आणि गिनी पिग.]

हा फोटो मागच्या दिवाळीतला. डावीकडे भोपळ्या, दोन किलोचा ससा. त्याच्या कुशीला लागून चिंगी, गिनी पिग, वजन आठशे ग्रॅम. स्टेटसला ठेवला तेव्हा दिवसभर बदाम येत होते. "किती गोड दोस्ती!" असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही तेच होतं.

आता हाच फोटो जरा मोठा करून बघू. चिंगीचे डोळे बघा. एरवी काळेभोर, टपोरे. इथे कडेला पांढरं दिसतंय. पाय अंगाखाली घट्ट. मागे भिंत, उजवीकडे जाळी, डावीकडे ससा. ती बिलगलेली नाही. तिला जायला जागाच नाहीये.

[दृश्य: पाळीव प्राण्यांच्या दुकानांची रांग, एकावर एक रचलेले पिंजरे.]

मी आधी ससाच घ्यायला गेले होते. दुकानदार म्हणाला, "ताई, एकटा ससा कंटाळतो. दोन नर घेतले तर मारामारी, नर-मादी घेतली तर महिन्याभरात पिल्लं. हे घ्या, सोबत होईल त्याला." आणि माझ्या हातात चिंगी ठेवली. हिशेब बिनचूक होता. सशाची मादी साधारण एकतीस दिवसांत विते. फक्त त्या हिशेबात चिंगी कुठेच नव्हती.

ही युक्ती त्या दुकानदाराची नव्हे. इंग्लंडमध्ये घरामागच्या बागेत लाकडी खुराड्यात ससा ठेवायची जुनी पद्धत. सशांची नसबंदी तेव्हा सर्रास होत नसे, म्हणून सोबतीला गिनी पिग. पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलं. आज त्याच देशातली आरएसपीसीए ही प्राणिकल्याण संस्था सांगते, की हे दोघे एकत्र ठेवू नका.

[दृश्य: नकाशा. अँडीज पर्वत, मग स्पेन आणि पोर्तुगाल.]

नात्यानं हे दोघे जवळचे भाऊ नाहीत. गिनी पिग म्हणजे उंदीर-खारींच्या गोतावळ्यातला कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणी. तो गिनीचा नाही आणि डुक्करही नाही. त्याचं मूळ गाव दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत; तिथे माणसानं हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवलं, तेही खाण्यासाठी. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, जमिनीखाली बिळं करून राहणारे. दोघांच्या मध्ये अख्खा अटलांटिक महासागर. आपल्या माळरानावर दिसतो तो ससा आणखी वेगळा. तो वन्यप्राणी आहे, त्याला घरी पाळणं हा गुन्हा आहे. विषय निघालाच आहे म्हणून सांगितलं.

[दृश्य: भोपळ्या चिंगीजवळ येतो, मान जमिनीला टेकवतो. सावकाश गतीत.]

हे दृश्य मी किती वेळा पाहिलं असेल! भोपळ्या येतो, चिंगीपुढे मान टाकतो आणि थांबतो. सशांच्या भाषेत याचा अर्थ: 'चाट मला.' ससे एकमेकांचं कपाळ, कान चाटून देतात. त्यातून त्यांची मैत्री ठरते, मानपानही ठरतो. गिनी पिगांमध्ये हा रिवाजच नाही. चिंगी नुसती बघत राहते. भोपळ्या नाकानं ढोसतो. पुन्हा ढोसतो. मग चावतो.

दातांचं तर याहून गमतीचं. ससा खुशीत असला की दात अगदी हलके घासतो; मांडीवर घेतलेल्या सशाचा तो बारीक कंप हाताला जाणवतो. गिनी पिग दात कटकटवतो तेव्हा तो सांगत असतो, 'मागे हो, नाहीतर बघ.' दोघांकडेही दातांचा आवाज आहे, अर्थ नेमका उलटा. चिंगी दात वाजवायची, भोपळ्या आणखी जवळ जायचा.

वर हा नर, नसबंदी न झालेला. घुं-घुं करत तिच्याभोवती चकरा मारायच्या आणि अंगावर चढायचं. नको असलेला नर मागे लागला की गिनी पिगची मादी मागच्या मागे मुताची पिचकारी मारते. चिंगीनं तेही केलं. तिच्या जातीचा नर असता तर समजला असता. भोपळ्यानं नाक पुसलं आणि पुन्हा चढला.

गिनी पिगकडे शेवटचा उपाय एकच: थिजून बसणं. घार दिसल्यावर बसावं तसं. आणि आपण म्हणतो, किती शांत आहेत दोघं.

[दृश्य: सशाचे मागचे पाय, धावताना.]

हे पाय बघा. घाबरलेल्या सशाला जमिनीवरून उसळी मारायला लागते ती सगळी ताकद इथे आहे. त्याच्या मनात काही नसलं, कुकरच्या शिट्टीनं तो दचकून उडाला, आणि खाली आठशे ग्रॅमचं जनावर असलं, तर बरगडी मोडू शकते, आत रक्तस्राव होऊ शकतो. वरून केसही विस्कटलेला दिसत नाही. शिकार होणारे प्राणी दुखणं लपवण्यात पटाईत असतात.

दुसरा धोका तर दिसतच नाही. बोर्डेटेला नावाचा जिवाणू अनेक सशांच्या नाका-घशात असतो. सशाला बहुधा काही होत नाही. तोच गिनी पिगच्या फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि जीवही जाऊ शकतो. चिंगीला फेब्रुवारीत श्वास लागला तेव्हा डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी विचारलं, "सशाबरोबर ठेवता का?" चिंगी वाचली. एक गोष्ट मात्र त्यांनी दोनदा बजावली: घरात माणसांसाठी आणलेलं अ‍ॅमॉक्सिसिलिन मनानं देऊ नका. पेनिसिलीनच्या कुळातली औषधं तोंडावाटे दिली तर गिनी पिग आणि ससा, दोघांच्याही आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि पाठोपाठ प्राणीही मरू शकतो.

[दृश्य: ओट्यावर कोथिंबीर, ढोबळी मिरची, पेरूची फोड.]

आता जेवण. गवत दोघांनाही लागतं, भरपूर, दिवसरात्र. दोघांचे दात जन्मभर वाढत राहतात. पण गिनी पिगचं शरीर आपल्यासारखंच क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. सशाचं करतं. १९०७ साली नॉर्वेमध्ये होल्स्ट आणि फ्रलिक या दोन शास्त्रज्ञांनी गिनी पिगांना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्या प्राण्यांना स्कर्व्ही झाला, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा आजार. पुढे क जीवनसत्त्व सापडलं त्या वाटेवरचा हा मोठा टप्पा. मोठ्या गिनी पिगला रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. सशाच्या खाद्यात ते घातलेलं नसतं, त्यामुळे एकाच वाटीत दोघं जेवले की चिंगीच्या हिरड्या आणि सांधे दुखायला लागणार. ढोबळी मिरचीचा तुकडा रोज, पेरूची फोड कधीतरी. साखर असते ना. मूळचा पेरू देशातला प्राणी पेरू खातो, हा विनोद आमच्याकडे रोज होतो.

[दृश्य: गॅलरीत आता दोन जागा, मध्ये जाळी आणि उंच फळी.]

नेटवर ससा आणि गिनी पिग एकमेकांवर डोकं ठेवून झोपल्याचे व्हिडिओ आहेत, मीही बघते. काही जोड्या वर्षानुवर्षं बिनबोभाट राहतातही. तशी जोडी घरात असेल तर सशाची नसबंदी करा, खाणं वेगळं द्या, आणि गिनी पिगला अशी खोकी द्या ज्यांच्या दारातून ती जाईल पण ससा जाणार नाही. ससा बुटक्या जातीचा असेल तर हे दारही उपयोगाचं नाही, तो घुसतोच. नव्यानं मात्र अशी जोडी लावू नका. एकटं ठेवणं हेही उत्तर नाही; स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनी पिग एकटा ठेवायला कायद्यानंच बंदी आहे. सशाला ससा लागतो, गिनी पिगला गिनी पिग.

[दृश्य: दोन गिनी पिग, एक तपकिरी, एक पांढरी.]

ही पांढरी म्हणजे बकुळी. दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवली, आजारी नाही याची खात्री केली, मग चिंगीला भेटवली. दोघी माद्या. पहिल्या दिवशी दात कटकटले, आणि या वेळी समोरची मागे सरली.

चौथ्या दिवशी मी ओट्याशी कोथिंबिरीच्या जुडीची पिशवी सोडत होते. गॅलरीतून आवाज आला: वीऽक, वीऽक! आधी एकीचा, मग दोघींचा. दिवाळीपासून चिंगी आमच्याकडे होती, हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

[दृश्य: भोपळ्या जाळीपलीकडे, मागचा पाय आपटतो.]

भोपळ्या अजून एकटा आहे. त्याची नसबंदी शुक्रवारी. त्यानंतर हार्मोन्स उतरायला काही आठवडे जातील, तोवर सशिणीचं नाव काढायचं नाही. डॉक्टरांचा निरोप आलाय: "सकाळी उपाशी आणू नका, ससा ओकू शकत नाही. येताना त्याचं रोजचं गवत सोबत आणा, शुद्धीवर आला की लगेच खायला द्यायचंय."