अकरा पानांची वही

(दृश्य: बोरी नदीचं कोरडं पात्र, सकाळ. पलीकडून अमळनेरकडे जाणारी एसटी.)

ही वही दोनशे पानी आहे. कोपरे उंदरांनी कुरतडलेत. पहिल्या पानावर वरती श्री, खाली निळ्या शाईतलं उभं, टोकदार अक्षर. अकरा पानं भरलेली आहेत. बाराव्या पानावर दोनच शब्द आहेत, 'घरी आलो.' पुढची एकशे अठ्ठ्याऐंशी पानं कोरी.

वहीचे मालक आमच्या गल्लीत राहायचे. गाव त्यांना फौजी बाबा म्हणायचं. घराच्या ओट्यावर त्यांची काळी पत्र्याची पेटी असायची, तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचा लष्करी नंबर. कोणी युद्धाचं विचारलं की ते म्हणायचे, 'मंग काय, उड्या मार्‍यात,' आणि पिकाकडे वळायचे. कापसाला भाव काय मिळाला, बोंडअळी पडली का.

एक गोष्ट मात्र आम्ही सगळ्या पोरांनी रोज पाहिली. त्यांचा नातू शाळेला निघाला की बाबा त्याला पाठमोरा उभा करायचे. दप्तराचे दोन्ही पट्टे धरून दोनदा ओढायचे, मग खांद्यावर एक थाप. थाप पडल्याशिवाय नातू पायरी उतरायचा नाही. आम्हाला वाटायचं, लाड आहेत.

(दृश्य: वहीचं पहिलं पान, जवळून.)

वही वाचली तेव्हा कळलं. छत्रीधारी, म्हणजे विमानातून पॅराशूटने उडी मारणाऱ्या, सैनिकाच्या पाठीवरच्या छत्रीतून एक लांब, मजबूत पट्टा निघतो. त्याला स्टॅटिक लाइन म्हणतात. विमानात हुकूम झाला की सगळे उभे राहतात आणि हा पट्टा डोक्यावरच्या तारेला अडकवतात. उडी मारली की पट्टा ताणला जातो आणि छत्री आपोआप उघडते. जवानाने हाताने काही ओढायचं नसतं. पण पट्टा कुठे गुंतला असेल तर? स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. म्हणून प्रत्येक जण आपल्या पुढच्याची पाठ तपासतो. पट्टे ओढून बघतो. थाप मारतो. लाल दिवा लागतो, मग हिरवा, आणि दारातून माणसं भराभर बाहेर पडतात.

आग्र्याला पाच उड्या पूर्ण केल्या की छातीवर पंखांचा बिल्ला मिळतो. बाबांनी या पाचही उड्यांचं दोन ओळींत आटोपलंय. नऊ पानं त्यांनी एकाच उडीला दिलीत.

११ डिसेंबर १९७१. पूर्व पाकिस्तानातलं टांगाईल. दुपार कलली होती. पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन, लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली उतरली. सुमारे सातशे माणसं. काम एकच होतं. जमालपूर-मैमनसिंगकडून ढाक्याकडे मागे हटणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तोडायची आणि त्यासाठी लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल धरायचा. खाली भाताची शेतं आणि तळी. अंधार पडत चाललेला. गावकरी पळून न जाता उलट धावत आले आणि दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन चालू लागले. हे सगळ्या इतिहासांत आहे. बाबांच्या वहीतही आहे, पण वेगळं. एका म्हाताऱ्याने त्यांच्या अंगावरचा चिखल आपल्या लुंगीने पुसला, एवढंच. त्यावर अर्धं पान.

पूल रात्रीच हाती आला. मागे हटणारी फौज पुलावर येऊन आदळत राहिली, रात्रभर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरेकडून पहिली मराठा, आपली जंगी पलटण, येऊन मिळाली. परक्या मुलखात, नदीकाठी, दोन्ही बाजूंनी मराठीत हाका. इथे बाबांचं अक्षर मोठं झालंय. परदेशी वृत्तपत्रांनी तेव्हा पाच हजार सैनिक उतरल्याचं छापलं होतं. १६ डिसेंबरला ढाका पडलं. वहीतली लढाई तिथे संपते. मग दोन शब्द. घरी आलो.

(दृश्य: वाचनालयाचं कपाट. इंग्रजी, मराठी पुस्तकांचे कणे.)

छत्रीधारी सैनिकांवरची पुस्तकं मी गेली काही वर्षं मिळतील तिथून वाचतोय. धुळ्यातल्या वाचनालयात, जुन्या बाजारात, मित्रांकडून मागून. त्यांतली पुष्कळ पुस्तकं अशीच संपतात. उडी, लढाई, विजय, परतीची गाडी. उडीचं वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला सांगू. पण बाबांना इतकी वर्षं ओट्यावर बसलेलं पाहिल्यामुळे मला पुढचं हवं असतं. परतीच्या गाडीतून उतरल्यावर काय झालं?

दोन माणसांची पुस्तकं मला यासाठी जवळची वाटतात. एक ब्रिटिश, जॉन फ्रॉस्ट. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधल्या आर्नेमला ते आपल्या माणसांसह छत्रीने उतरले आणि ऱ्हाइनवरच्या पुलाचं एक टोक त्यांनी धरून ठेवलं. मदत पोचलीच नाही. ते जखमी झाले, कैद झाले. त्यांचं आत्मकथन छापून आलं १९८० साली. मधे छत्तीस वर्षं. आज त्या पुलाला त्यांचं नाव आहे.

दुसरा अमेरिकन, डेव्हिड केन्यन वेबस्टर. हार्वर्डला साहित्य शिकत होता, ते सोडून साधा जवान म्हणून छत्रीधाऱ्यांत भरती झाला. नॉर्मंडीत उडी मारली, हॉलंडमध्ये मारली, तिथेच पायाला गोळी लागली. याने मात्र थांबून राहिलं नाही. युद्धानंतर लगेच लिहायला बसला. जखम, इस्पितळ, पुन्हा तुकडीत जाताना पोटात उठणारी भीती, वरिष्ठांचा संताप, सगळं. प्रकाशकांना ते नको होतं. १९६१ मध्ये तो समुद्रावर एकटा नाव घेऊन गेला आणि परत आला नाही. पुस्तक निघालं १९९४ मध्ये, त्याला जाऊन तेहतीस वर्षं झाल्यावर.

एकाला सांगायला छत्तीस वर्षं लागली. दुसऱ्याने लगेच सांगितलं तर ऐकायला कोणी नव्हतं. बाबांची अकरा पानं मी या दोघांच्या मधे ठेवतो.

(दृश्य: धुळे शहर. तुरुंगाची भिंत, लांबून.)

ऐकणाऱ्याची गोष्ट निघाली की आम्हा खानदेशातल्या माणसांना धुळ्याचा तुरुंग आठवतो. १९३२ साली, २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, विनोबा तिथे गीतेवर बोलले. समोर कैदी बसलेले. आमच्या अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी ते झरझर उतरवून घेत होते. गुरुजींनी लिहून घेतलं नसतं तर 'गीता प्रवचने' आज कोणाच्या हातात पडलं असतं?

आणि गीता सुरू कुठून होते, तेही बघा. तत्त्वज्ञान नंतर येतं. आधी एका कसलेल्या योद्ध्याचं अंग येतं. सीदन्ति मम गात्राणि. गात्रं गळतायत, तोंडाला कोरड पडलीय, शरीर कापतंय, रोमांच उभे राहिलेत, धनुष्य हातातून निसटतंय. आज कोणी अर्जुनाला भेकड म्हणत नाही. मग आमच्या गावात सुटीवर आलेला जवान झोपेत ओरडला तर त्याला बाहेरचं झालं असं लोक का म्हणाले?

पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स या डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द वापरला. तोफगोळ्यांच्या धक्क्याने मेंदू हलतो, असा समज होता. पुढे दिसलं की गोळ्याजवळ न गेलेल्यांनाही तोच त्रास होतो. तीच स्वप्नं पुन्हा पुन्हा, बारीक आवाजाने दचकणं, आठवण निघेल अशा माणसांना टाळणं, आपल्याच लेकरांपासून तुटल्यासारखं वाटणं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० मध्ये त्याला आजच्या नावाने, आघातोत्तर तणाव म्हणून, आपल्या अधिकृत यादीत घेतलं. टांगाईलची उडी त्याच्या नऊ वर्षं आधीची.

(दृश्य: पुण्याकडे जाणारी गाडी, जळगाव स्टेशन.)

पाय गेला तर आपल्याकडे पत्ता होता. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून सैनिकांना पाय बसवून देतंय. १९१७ मध्ये मुंबईत निघालेलं आणि पुढे खडकीला आलेलं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट अपंग जवानांना हाताला काम शिकवतंय, आणि खडकीतच १९७४ पासून पॅराप्लेजिक केंद्र आहे, जिथे कमरेखालचं बळ गेलेले जवान चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात आणि कोणी तोंडात कुंचला धरून चित्रं काढतो. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला, पॅरालिम्पिकमध्ये, पोहण्यात सुवर्ण आणलं. अशा माणसांकडे बघितलं की ऊर भरून येतो.

पण झोप गेली तर कोणती गाडी पकडायची? बाबांना दोन हात, दोन पाय होते. अंगावर एक ओरखडा नव्हता. घरच्यांनी नारळ फोडला, गावाने लेझीम काढली. त्यांना काही झालंय हे कोणाला दिसणार?

एका माणसाला दिसलं होतं.

(दृश्य: ओटा. पत्र्याची पेटी. बाजूला सुपात तूर पाखडणारे हात.)

बाबा गेल्यावर ही वही आजींनी माझ्याकडे दिली. मला वाटत होतं, पुस्तक करायचं तर सैन्याची कागदपत्रं लागतील, नकाशे लागतील, त्यांच्या बरोबरीचे कोणी हयात असतील तर शोधावे लागतील. तशी यादी घेऊनच मी त्यांच्याकडे गेलो होतो. आजींनी यादी ऐकून घेतली. सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसले.

वही मागून घेतली आणि बारावं पान उघडलं. त्यांना वाचता येत नाही. तरी त्यांचं बोट बरोबर त्या दोन शब्दांवर गेलं. कधीतरी बाबांनीच दाखवलं असेल, इथवर आलोय म्हणून.

मी विचारलं, इथून पुढे त्यांनी का नाही लिहिलं?

त्या म्हणाल्या, पुढचं त्यांना ठाऊकच नव्हतं. रात्री ते काय बोलायचे ते सकाळी त्यांना आठवायचं नाही. ते मी ऐकलंय. वांग्याचं भरीत भाजताना वांगं तडकलं की ते चुलीपासून उठून जायचे, म्हणून मी भरीत शेतात भाजून आणायची. कोणाला सांगितलं नाही. पोरीच्या लग्नात फटाके नको म्हटलं तर व्याही रुसले, ते मी अंगावर घेतलं. हळूहळू कमी झालं. नातू झाल्यावर पुष्कळ कमी झालं. दप्तराचे पट्टे ओढायला लागले, तेव्हा मला कळलं, आता माणूस घरी आला.

मी तेहतीस आणि छत्तीस वर्षांचे हिशेब घालत बसलो होतो. इथे ओट्यावर पन्नास वर्षांचं सगळं क्रमाने लागलेलं होतं.

मी खिशातून पेन काढलं. मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करू का विचारलं, तर त्यांनी मान हलवली. वहीतच, म्हणाल्या. पुढच्याच पानावर.

(दृश्य: तेरावं पान. कोरं. पेनाचं टोक.)

आजींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, क्षणभर बोरीच्या पात्राकडे बघितलं आणि म्हणाल्या,

'लिखी ले भाऊ. वरीसभर त्या घरमा झोपनात नही.'