पार्किन्सनमध्ये मेंदूत साचणारे लोह काढून टाकले तर काय होते?

नमस्कार. भांडी बाजारातून आणलेली लोखंडी कढई वापरावी की माळ्यावर टाकावी, असा प्रश्न नाशिकमधील पार्किन्सनच्या रुग्णांचे घरचे लोक हल्ली विचारू लागले आहेत. या आजारात मेंदूत लोह साचते, ही माहिती मोबाइलवरून घरोघरी पोहोचली आहे. माहिती खरी आहे; कढईविषयीचा निष्कर्ष मात्र तिच्यातून निघत नाही.

मध्यमेंदूत सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक लहानसा भाग असतो. निरोगी मेंदूचा छेद घेतला, तर तो नुसत्या डोळ्यांनाही काळसर पट्ट्यासारखा दिसतो आणि पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत तोच पट्टा फिका पडलेला आढळतो. हा काळेपणा न्यूरोमेलॅनिन या रंगद्रव्याचा असून, ते डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या पेशींमध्ये असते आणि लोहाला स्वतःशी बांधून ठेवते. हाताला कंप सुटेपर्यंत यांतील बऱ्याच पेशी नष्ट झालेल्या असतात.

या पेशींना लोह लागतेच, कारण डोपामिन तयार होण्याच्या साखळीतील टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे विकर (एन्झाइम) लोहाशिवाय काम करू शकत नाही. धोका असतो तो कशालाही न बांधलेल्या, मोकळ्या लोहाचा. डोपामिनचे विघटन होताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. त्याची मोकळ्या लोहाशी गाठ पडली की हायड्रॉक्सिल मूलक हा अत्यंत क्रियाशील कण निर्माण होतो आणि तो पेशीच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांची नासधूस करतो. या रासायनिक क्रियेचे मूळ निरीक्षण रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांनी 1894 मध्ये नोंदवले होते. लोहामुळे अशा रीतीने होणाऱ्या पेशीमृत्यूला फेरोप्टोसिस हे नाव मात्र 2012 मध्ये मिळाले.

लोहाइतकीच या आजारात एका प्रथिनाचीही चर्चा होते; आता त्याच्याकडे वळू. अल्फा-सिन्युक्लीन हे 140 अमिनो आम्लांचे प्रथिन चेतापेशींच्या टोकांशी नेहमीच असते आणि एरवी निरुपद्रवी असते. पार्किन्सनमध्ये त्याची घडी बिघडते, बिघडलेले रेणू एकमेकांना चिकटतात आणि पेशीत त्यांचे गोळे बनतात. हे गोळे मेंदूविकारतज्ज्ञ फ्रिट्झ लेवी यांनी 1912 मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते, पण ते मुख्यत्वे अल्फा-सिन्युक्लीनचे असतात हे कळायला 1997 साल उजाडले. त्याच वर्षी, काही कुटुंबांत पिढ्यानपिढ्या चालणाऱ्या पार्किन्सनमागे याच प्रथिनाच्या जनुकातील दोष असल्याचेही दिसून आले.

लोह आणि हे प्रथिन परस्परांना खतपाणी घालतात, असे प्रयोगशाळेतील पुरावे सांगतात. लोहाच्या सान्निध्यात अल्फा-सिन्युक्लीन लवकर गोळा होते. शिवाय ते तयार करण्याचा संदेश वाहणाऱ्या आरएनएवर लोहाला प्रतिसाद देणारा एक भाग असतो, त्यामुळे पेशीत लोह वाढले की या प्रथिनाचे उत्पादनही वाढू शकते.

मग लोह काढून टाकावे, हा विचार कोणाच्याही मनात येईल, आणि तो खरोखरच तपासून पाहिला गेला. थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या शरीरात साठलेले लोह कमी करण्यासाठी वापरले जाणारे डेफेरिप्रोन हे औषध युरोपात नुकतेच निदान झालेल्या 372 जणांच्या चाचणीत तपासण्यात आले. निम्म्यांना 36 आठवडे औषध आणि उरलेल्यांना औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. मेंदूत डोपामिनमध्ये रूपांतर होणारे लेव्होडोपा हे पार्किन्सनचे नेहमीचे औषध त्यांच्यापैकी कोणीही अद्याप घेत नव्हते. 2022 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एमआरआयमध्ये मेंदूतील लोह कमी झालेले दिसले, पण लक्षणे मोजण्याच्या गुणांकनात औषध घेणाऱ्यांची घसरण सरासरी 15.6 गुणांची आणि इतरांची 6.3 गुणांची निघाली. म्हणजे लोह गेले आणि रुग्णांची प्रकृती अधिक बिघडली. याचे एक संभाव्य कारण वर आलेच आहे: डोपामिन बनवणाऱ्या विकराचेच लोह कमी पडले असावे. माझ्या मते या विषयातील सर्वांत बोलका पुरावा हाच आहे, आणि 'शरीरातील लोह बाहेर काढणारे' काढे विकणाऱ्यांना तो आवर्जून दाखवायला हवा.

कढई खुशाल वापरावी. मेंदूत किती लोह शिरावे याचे नियंत्रण रक्त आणि मेंदू यांच्यातील अडसराकडे असते, त्यामुळे भाजीतले लोह वाढले म्हणून सब्स्टॅन्शिया नायग्रातले वाढले, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला असताना, घरातल्या सगळ्यांच्याच ताटातून लोह काढणे धोक्याचे ठरेल.

आहाराकडे लक्ष द्यायचे ते वेगळ्या कारणासाठी. लोहाची गोळी लेव्होडोपासोबत घेतली तर लोह त्या औषधाला आतड्यातच बांधते आणि औषध रक्तात कमी उतरते. म्हणून दोन्हींमध्ये साधारण दोन तासांचे अंतर ठेवण्यास सांगतात. जेवणातील प्रथिनांचेही तसेच आहे. ती पचून तयार होणारी अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा एकाच वाटेने आतड्यातून रक्तात जातात, त्यामुळे रविवारी मटकीच्या मिसळीबरोबरच गोळी घेतली आणि दुपारपर्यंत हातपाय जड राहिले, तर त्यात नवल नाही. गोळी जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घेतल्यास बहुतेकांना फरक जाणवतो. ज्यांना रिकाम्या पोटी मळमळते, त्यांनी गोळीची वेळ आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारूनच बदलावी आणि रक्तवाढीची गोळी चालू असल्यास तीही त्यांना दाखवावी.