मुलाखतीतील दुसरा प्रश्न: उमेदवाराला परराष्ट्र धोरण पेलवेल का?

नमस्कार. अमेरिकेत स्थायिक झालेले आणि तिथे मतदान करणारे आपले बरेच प्रेक्षक एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत आहेत: दूरचित्रवाणीवरील मुलाखत पाहून एखाद्या उमेदवाराला परराष्ट्र धोरण पेलवेल की नाही, हे ओळखता येते का? माझ्या मते बऱ्याच अंशी येते, पण पहिल्या उत्तरावरून नव्हे, त्यावर विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून. मुलाखत पूर्ण पाहावी, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावर मत बनवू नये, शब्दशः नोंद मिळाल्यास तीही वाचावी, हे आपण जाणताच. त्यावर वेळ घालवत नाही.

माझा राग आहे तो नावे विचारण्याच्या खेळावर. नोव्हेंबर 1999 मध्ये बॉस्टनच्या एका वाहिनीचे पत्रकार अँडी हिलर यांनी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना चेचन्या, तैवान, पाकिस्तान आणि भारत येथील नेत्यांची नावे विचारली. बुश तेव्हा टेक्सासचे गव्हर्नर होते आणि अध्यक्षपदाची उमेदवारी मागत होते. तैवानचे ‘ली’ एवढे त्यांना सांगता आले. पाकिस्तानबाबत ‘जनरल’च्या पुढे गाडी सरकली नाही आणि वाजपेयींचे नाव तर आलेच नाही. आमच्या शेजारचे एक निवृत्त मास्तर ही बातमी वाचून भयंकर संतापले होते; ज्याला अटलजी ठाऊक नाहीत तो जगाचा कारभार काय हाकणार, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र त्याच मुलाखतीत बुश यांनी, पाकिस्तानात सत्ता हाती घेतलेला हा जनरल (परवेझ मुशर्रफ) देशात स्थैर्य आणील आणि ती उपखंडासाठी चांगली बातमी आहे, अशा अर्थाचे मत दिले होते. कारगिलचे युद्ध संपून चार महिनेही झाले नव्हते आणि लष्करी उठाव होऊन जेमतेम तीन आठवडे उलटले होते. नाव न आठवणे ही स्मरणशक्तीची उणीव झाली. हे मत मात्र निर्णयबुद्धीविषयी काही सांगत होते, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती मात्र न आठवलेली नावेच. पुढे याच बुश यांनी जुलै 2005 मध्ये डॉ. मनमोहन सिंग यांच्यासह संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले आणि 2008 मध्ये भारत-अमेरिका नागरी अणुकरार तडीस नेला. मास्तरांच्या कसोटीने यातले काहीच कळले नसते.

यावर ‘म्हणजे अज्ञान चालेल का?’ अशा प्रतिक्रिया येतात. अज्ञान मुळीच चालणार नाही. माझे म्हणणे एवढेच की ते उघडे पडल्यावर उमेदवार काय करतो, हे पाहावे. सप्टेंबर 2016 मध्ये लिबर्टेरियन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार गॅरी जॉन्सन यांना अलेप्पोविषयी विचारले असता त्यांनी ‘अलेप्पो म्हणजे काय?’ असा उलट प्रश्न केला. जगभर गाजले ते एवढेच. हे यादवी युद्धात सापडलेले सीरियातील शहर आहे असे कळल्यावर, रशियाला बरोबर घेऊन राजनैतिक मार्गाने हा संघर्ष संपवावा, अशी भूमिका त्यांनी मांडली. ती भाबडी होती असे मला वाटते, पण तपासून पाहण्याजोगे काही हाती आले ते त्या दुसऱ्या उत्तरातच.

याच्या उलट बाजूचे उदाहरण अलास्काच्या तेव्हाच्या गव्हर्नर आणि 2008 मधील रिपब्लिकन पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन यांचे. सप्टेंबर 2008 मध्ये एबीसी वाहिनीच्या चार्ल्स गिब्सन यांनी त्यांना ‘बुश सिद्धांत’ (अध्यक्ष बुश यांच्या परराष्ट्र धोरणाला दिलेले नाव) मान्य आहे का, असे विचारले. ‘कोणत्या बाबतीत?’ हे त्यांचे प्रत्युत्तर चेष्टेचा विषय झाले. माझ्या मते ते रास्त होते, कारण त्या नावाखाली निरनिराळी धोरणे सांगितली जात. खरी अडचण इराणच्या प्रश्नावर दिसली. इस्रायलने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचे ठरवले तर अमेरिकेने काय करावे, हे गिब्सन यांनी फिरवून फिरवून विचारले, आणि इस्रायलच्या निर्णयावर आपण शंका घेऊ नये, याच आशयाचे उत्तर तिन्ही वेळा आले. पहिल्यांदा ते ऐकले तर ठाम भूमिका वाटते. तिसऱ्यांदा ऐकले की पाठ केलेले वाक्य संपल्यावर पुढे काहीच नाही, हे लक्षात येते.

येथे एक खुलासा करावाच लागेल. ‘माझ्या घरातून रशिया दिसतो’ हे वाक्य पेलिन यांचे म्हणून दर आठवड्याला कोणीतरी लिहितोच. ते नकलाकार टीना फे यांचे आहे. अलास्कातील भूमीवरून रशिया दिसतो, एवढेच पेलिन म्हणाल्या होत्या आणि ते खरे आहे. अमेरिकेचे लिटल डायोमीड आणि रशियाचे बिग डायोमीड या बेटांमध्ये सुमारे 4 किलोमीटरचेच अंतर आहे.

मुद्दा पुन्हा दुसऱ्या प्रश्नाचाच आहे. त्याच महिन्यात सीबीएसच्या केटी कुरिक यांनी हे शेजारपण मान्य करून, रशियाशी कधी वाटाघाटी केल्या आहेत का, असे विचारले. उत्तरात व्यापारी शिष्टमंडळांचा मोघम उल्लेख आला आणि मग पुतिन अमेरिकेच्या हवाई हद्दीत डोके वर काढतात तेव्हा ते अलास्कातच येतात, असे काहीसे. या ठिकाणी मला हळहळ वाटते, कारण सांगण्यासारखे पुष्कळ होते. बेरिंग समुद्रातील सागरी सीमेचा करार अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात 1990 मध्ये झाला. अमेरिकी सिनेटने त्याला संमती दिली, रशियाच्या संसदेने ती दिलेली नाही. त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना पोलॉक माशांची प्रचंड मासेमारी चालते आणि अलास्काच्या मच्छीमारांची रोजीरोटी तिच्याशी बांधलेली आहे. त्या राज्याच्या गव्हर्नरने यावर दोन मिनिटे जरी बोलायचे ठरवले असते, तरी कुरिक यांचा पुढचा प्रश्न निराळा झाला असता.