तेरा वर्षे पडून राहिलेला कागद

श्रोतेहो, नमस्कार. वैद्यकीय संशोधन छापले जाते की नाही, आणि छापले तर केव्हा, हे पुष्कळदा त्या संशोधनातून काय निघाले यावरच ठरते. औषध गुणकारी ठरले तर त्याचा लेख लवकर येतो. औषधाने काहीच केले नाही, किंवा अपाय केला, तर तो लेख उशिरा येतो आणि कित्येकदा येतच नाही. संशोधक याला पब्लिकेशन बायस म्हणतात. आपण प्रकाशनातला पक्षपात म्हणू.

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या वाड्यात ज्येष्ठ महिन्यात घरोघर कैरीचे लोणचे घातले जाई. ज्यांची बरणी टिकली त्या शेजारीपाजारी वाटीभर लोणचे देत आणि मीठमोहरीचे प्रमाणही आवर्जून सांगत. ज्यांच्या बरणीला बुरशी आली त्या मात्र दादरा सोडून ती मागल्या दारी गुपचूप रिकामी करीत. त्यामुळे मीठ जरा कमी घातले तरी चालते, एवढेच नव्या सुनेच्या कानावर येई. माझी आजी म्हणूनच मुद्दाम विचारी, "यंदा कुणाचे नासले?" हाच प्रश्न औषधांच्या बाबतीत विचारायला हवा.

मी औषधशास्त्र शिकवीत होते, तेव्हा दरवर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर दोन आकडे लिहीत असे: ९ आणि १. मुले ते वहीत उतरवून घेत आणि पुढचे ऐकायला थांबत.

गोष्ट १९८० सालची, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके चुकू लागतात, आणि ज्यांचे ठोके असे चुकतात त्यांच्यात मृत्यूही अधिक होतात, हे डॉक्टरांना ठाऊक होते. तेव्हा ठोके ताळ्यावर आणणारे औषध दिले की जीव वाचेल, हा तर्क इतका सरळ होता की त्याविषयी शंका घेणेच चमत्कारिक वाटावे. लॉरकेनाइड नावाचे असे एक औषध तिथल्या डॉक्टरांनी झटका आलेल्या रुग्णांवर तपासून पाहिले. रुग्ण शंभराच्या आतच होते. साधारण निम्म्यांना औषध दिले, उरलेल्यांना औषधाचा अंश नसलेले प्लासिबो. औषधाने आपले काम चोख केले, ठोके सुधारले. मात्र औषध घेणाऱ्यांपैकी ९ जण दगावले आणि न घेणाऱ्यांपैकी १.

ठोके सुधारले, आणि माणसे गेली. डॉक्टरांना वाटले, रुग्ण थोडे आहेत, हा योगायोग असेल. पुढे व्यापारी कारणांसाठी कंपनीने ते औषधच सोडून दिले आणि चाचणीचा लेख छापायचा राहून गेला.

इकडे त्याच जातीची दुसरी औषधे, एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड, अमेरिकेत डॉक्टर लिहून देत राहिले. तिथे १९८७ मध्ये एक मोठी चाचणी सुरू झाली आणि १९८९ मध्ये तिच्यातला या दोन औषधांचा भाग मध्येच थांबवावा लागला. औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ मरण पावले होते, प्लासिबो घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. हे आकडे मी पुन्हा सांगते: ६३ आणि २६. नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी आपला लेख अखेर १९९३ मध्ये छापला, आणि हे निष्कर्ष वेळीच बाहेर आले असते तर पुढच्या संकटाची सूचना मिळाली असती, असे स्वतः लिहिले. त्यांच्या या प्रांजळपणाला मी मनापासून मान देते.

एका वर्षी मागल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मॅडम, तेरा वर्षे तो कागद लपवला कुणी?" मी म्हटले, "लपवला कुणीच नाही, बाळ. छापला नाही, एवढेच." त्यावर वर्ग बराच वेळ गप्प होता.

अशा उदाहरणांची मोजदादही झाली आहे. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांकडे नैराश्यावरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्यांची नोंद होती. त्यांतल्या अनुकूल ३८ पैकी ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत आणि ११ अशा शब्दांत छापल्या की त्या अनुकूल वाटाव्यात. हे २००८ मध्ये उघड झाले. उशिराचेही तसेच. १९९८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात मुख्यतः एचआयव्हीसंबंधीच्या चाचण्या पाहिल्या, तेव्हा चाचणी सुरू झाल्यापासून लेख छापून येईपर्यंत अनुकूल निष्कर्षांना साधारणपणे ४.३ वर्षे लागली होती आणि प्रतिकूल निष्कर्षांना ६.५ वर्षे. दोष फक्त संपादकांना देऊन चालणार नाही, कारण असे बरेचसे लेख मुळात संपादकांकडे पाठवलेच जात नाहीत. मला तर 'नकारात्मक निष्कर्ष' हा शब्दच खटकतो. निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्यांचेच फोटो छापण्याची आपली सवय इथेही उतरली आहे. हे औषध लागू पडत नाही, हे कळणे ही रुग्णासाठी मोठीच मिळकत आहे.

इंदूरकरांना औषधचाचणी हा शब्द नवा नाही. याच शहरातल्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये औषधचाचण्यांविषयी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. त्या वेळी रुग्णाची संमती आणि नुकसानभरपाई यांवर पुष्कळ बोलले गेले, आणि ते योग्यच होते. पण ज्याने आपले शरीर चाचणीसाठी दिले, त्याच्यावरून निघालेला निष्कर्ष जगापुढे येणे हाही त्याचाच हक्क आहे, हे फारसे कुणी बोलले नाही.

यावर उपाय म्हणजे चाचणी सुरू होण्याआधीच तिची जाहीर नोंद करणे. काय मोजणार हे आधी लिहून ठेवले की नासलेली बरणी मागल्या दारी रिकामी करता येत नाही. भारतात सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया, ही चाचण्यांची नोंदवही २० जुलै २००७ रोजी सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधचाचण्यांची नोंद तिच्यात सक्तीची झाली. ती इंटरनेटवर कुणालाही विनामूल्य पाहता येते. आपल्या घरातल्या कुणापुढे चाचणीचे संमतिपत्र आले, तर सही करण्यापूर्वी त्या चाचणीचा सीटीआरआय क्रमांक विचारून वहीत उतरवून घ्यावा, आणि निष्कर्ष कोठे व केव्हा छापणार, हे डॉक्टरांना तिथेच विचारावे. नमस्कार.