सहा काड्या, एक खाच आणि बेळगावचा पाऊस

[दृश्य: खिडकीबाहेर धो धो पाऊस. टेबलावर दोन म्हातारे हात, हातात सागवानी काड्यांचं कोडं.]

जुलै महिना, बेळगावातली टिळकवाडी, हातानं सोडवायच्या कोड्यांच्या एका संग्रहाची कपाटं. खाचांनी एकमेकींत अडकवलेल्या सहा काड्यांचं हे कोडं मे महिन्यात दोन बोटांनी सुटत होतं. आज त्याची किल्लीची काडी, म्हणजे सहांतली एकही खाच नसलेली काडी, जागची हलत नाही. जोर लावला तर ती निघेल, पण खाचेची कडही सोबत घेऊन येईल. म्हणून हात थांबलेत.

[दृश्य: सुटी काडी अगदी जवळून. व्हर्निअरचे जबडे तिच्यावर मिटतात.]

पावसात लाकूड फुगतं हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. कोडं अडतं त्याचं खरं कारण थोडं निराळं आहे. लाकूड आपल्या तंतूंच्या रेषांना आडव्या दिशेनं फुगतं, रेषांच्या लांबीत जवळपास नाहीच. आता ही काडी बघा. खाचेची रुंदी काडीच्या लांबीवर कापलेली आहे, त्यामुळे पावसाळ्यात ती वाढत नाही. त्या खाचेत बसणारी दुसरी काडी मात्र जाडीत वाढते. दार आहे तेवढंच राहतं, माणूस जाड होतो.

किती जाड? काडी 18 मिलिमीटरची आहे. सागवान इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी हलतं. तरीही लाकडातला ओलावा 6 टक्क्यांनी वाढला तर ही काडी जवळपास 0.2 मिलिमीटरनं फुगते. सुतारानं सरकण्यापुरती सोडलेली फट असते साध्या कागदाच्या जाडीची, म्हणजे 0.1 मिलिमीटर. हिशेब इथेच संपतो.

आणि आपल्या जिल्ह्यात हा हिशेब गावागणिक बदलतो. मलप्रभा जिथं उगम पावते त्या, खानापूर तालुक्यातल्या, कणकुंबीकडे पावसाळ्यात घरातला कपडा वाळत नाही. अथणीकडे त्याच दिवसांत धूळ उडते. अथणीत घट्ट बसवलेलं कोडं खानापूर तालुक्यात आणलं की आठवड्यात मुकं होतं.

[दृश्य: स्टीलचा डबा, तळाशी निळे खडे, वर जाळी. कोडं आत ठेवलं जातं.]

उपाय घरचाच आहे. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तळाशी निळी सिलिका जेल, वर जाळी, त्यावर कोडं. रोज एकदा पाहायचं. खडे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे, गार झाले की परत डब्यात. उन्हात ठेवायचं नाही. उन्हानं वरचा थर आधी वाळतो, आतला मागे राहतो, आणि टोकाला चीर जाते. तेल तर नकोच नको. खोबरेल लावलं की दोन दिवस सरकतं, मग तेच चिकट होऊन धूळ धरतं आणि लाकूडही ते पितं. घासणाऱ्या बाजूंवर मधमाशीचं मेण, तेही फडक्यानं चोळून निम्मं पुसून टाकायचं. पॉलिश पेपर हातात घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. जुलैत घासलेली काडी जानेवारीत खुळखुळते, आणि खुळखुळणाऱ्या कोड्याचं रहस्य हलवून ऐकलं तरी कळतं.

[दृश्य: टेबलावर ओळीनं वेगवेगळ्या खाचांच्या काड्या. कॅमेरा हळूहळू सरकतो.]

नवीन करायचं तर माप सोपं आहे. काडीच्या जाडीचे दोन भाग धरायचे: 18 मिलिमीटर म्हणजे 9 आणि 9. प्रत्येक खाच 9 च्या पटीतच येते. लांबी निदान 54. हाताला धरायला बरी म्हणून बहुतेक जण 72 घेतात. खाचेचा तळ पटाशीनं सपाट झाला पाहिजे, कोपऱ्यात भुसा राहिला तर काडी पूर्ण बसत नाही आणि दोष भलत्याच खाचेला लागतो. एवढ्याशा मांडणीत किती प्रकार बसतात? अमेरिकेतले कोडी-अभ्यासक बिल कटलर यांनी संगणकावर मोजणी केली: सहा काड्यांच्या जुळण्या 35,65,71,31,235. या कपाटात त्यातल्या मूठभर आहेत.

[दृश्य: पितळी कड्या, लांबट फासा. कडी वर, कडी खाली. आवाज फक्त धातूचा.]

हे नऊ कड्यांचं कोडं: फासा म्हणजे तारेचा लांबट वेढा, त्यावरून सगळ्या कड्या उतरवायच्या. इटलीचा गणितज्ञ कार्दानो यानं 1550 साली अशा कोड्याबद्दल लिहिलं आहे. तारा-कड्यांच्या अशा कोड्याला हिंदीत गोरखधंधा म्हणतात. आपण मात्र त्या शब्दाला भलताच अर्थ चिकटवून बसलोय.

नियम एकच. पहिली कडी केव्हाही काढता-घालता येते. बाकी कोणतीही कडी हलवायची तर तिच्या लगेच आधीची कडी फाश्यावर हवी, आणि तिच्याही आधीच्या सगळ्या खाली हव्यात. नऊ कड्या उतरवायला 341 चाली, सात कड्यांना 85, पाचांना 21. चुकायला जागा फक्त सुरुवातीला: कड्या विषम असतील तर पहिली कडी आधी, सम असतील तर दुसरी. उलटं सुरू केलं तर वाट बंद होत नाही, पण आपण दुसऱ्या टोकाकडे चालायला लागतो. मधे फोन आला आणि विसरलं, की लोक हमखास मागं फिरतात.

यात बिघडतं ते डोकं नव्हे, फासा. कुणीतरी चिडून ओढतं, फाश्याच्या दोन तारा मधोमध जवळ येतात आणि कडी उभी करूनही मधून जात नाही. लाकडाची पट्टी आत घालून तारा हळूच फाकवायच्या, पक्कड लावायची नाही. कडीचा डाख सुटला असेल तर बाकीच्या कड्यांना ओलं फडकं गुंडाळून मगच डाख द्यायचा. नाहीतर एक जोडताना शेजारची सुटते.

[दृश्य: जुनं पितळी कुलूप, त्याच्यावर पाच फुल्या. अंगठा एकेक फुली दाबून बघतो. चौथी सरकते.]

चोरकुलूप. समोर दिसतं ते किल्लीचं भोक फसवं आहे. खरं भोक चौथ्या फुलीखाली. किल्ल्या दोन: पहिली फक्त एक पट्टी मोकळी करते, दुसरीनं खटका दबतो. आतल्या पोलादी पात्या फाकून अडलेल्या असतात. किल्ली त्यांना मिटवते आणि कडी सुटते.

अशा कुलपात मशीनचं तेल ओततात आणि तिथेच ते मरतं. तेल, धूळ आणि पितळेचा हिरवा गंज यांचा लगदा होऊन पाती मिटेनाशी होते. पेन्सिलीच्या शिशाची पूड फुंकायची, किल्ली वीसेक वेळा आत-बाहेर करायची. पाती तुटली असेल तर घड्याळाच्या जुन्या स्प्रिंगचा तुकडा चालतो. बेळगावच्या भंगारवाल्यांकडे अशी कुलपं पितळेच्या भावानं किलोवर जातात, आणि मग वितळतात.

[दृश्य: जत्रेतला खेळण्यांचा गाडा. प्लास्टिकची चौकट, 1 ते 15 आकडे.]

सौंदत्तीच्या जत्रेत मिळणारं, पंधरा आकडे सरकवून क्रमानं लावायचं हे खेळणंही संग्रहात आहे. एखाद्या पोरानं आकडे उचकटून कसेही बसवले असतील तर निम्म्या वेळा ते कधीच सुटत नाही. रिकामं घर शेवटी ठेवून मोजायचं: मोठा आकडा लहानाच्या आधी किती वेळा आला? बेरीज सम असेल तर खेळा. विषम असेल तर कुठलेही दोन आकडे काढून अदलाबदल करा. रुबिकच्या घनाचं गणित याहून कठोर: तुकडे सोडवून कसेही बसवले तर बारांत एकदाच सुटतो.

[दृश्य: कात, म्हणजे लाकूड फिरवून तासायचं यंत्र, फिरतो आहे. लाखेची कांडी लाकडाला टेकते, लाल रंग पसरतो.]

आता या चित्रफितीतलं आमचं आवडतं काम. गोकाकची लाकडी फळं आणि सावंतवाडीची खेळणी सगळ्यांनी पाहिली आहेत. त्याच कातावर, काळ्या कुड्याच्या लाकडात, ही भिंगरी डबी होते. तिला कुलूप नाही, किल्ली नाही. टेबलावर ठेवून गरकन फिरवली की उघडते.

बाहेरचा व्यास 65 मिलिमीटर. झाकणाचा आतला दट्ट्या 15 मिलिमीटर. डबी आणि दट्ट्या यांच्या आरपार आडवं 5.5 मिलिमीटरचं भोक, त्यात 5 मिलिमीटरच्या, 18 लांबीच्या दोन पोलादी खुंट्या. डबी डावीकडे कलली तर डावी खुंटी पूर्ण बाहेरच्या कप्प्यात जाते, पण उजवी दट्ट्यात येऊन अडकते. दट्ट्या 15 चा आणि खुंटी 18 ची, ती तिथं मावणारच नाही. गोल फिरवली की दोन्ही एकदम बाहेर फेकल्या जातात आणि झाकण वर येतं.

भोक एकाच बाजूनं, झाकण बसवून, आरपार पाडायचं. दोन बाजूंनी पाडलं तर मधे पायरी पडते. मग दोन्ही तोंडं कुड्याच्याच बुचांनी बंद करायची. कप्पा नेमका 18 चा ठेवला आणि बूच अर्धा मिलिमीटर जास्त आत गेलं तर खुंटीचं टोक दट्ट्यात राहतं आणि डबी कायमची बंद. त्यासाठी कप्पा 19 चा ठेवायचा. मग लाख. कांडी फिरत्या लाकडाच्या घर्षणानंच वितळते, वर केवड्याचं पान धरलं की चकाकी येते आणि बुचं दिसेनाशी होतात.

इथंही पाऊस सुटत नाही. गोल लाकूड पावसाळ्यात किंचित लंबगोल होतं. झाकण आणि डबी एकाच ठोकळ्यातून, रेषा जुळवून घेतले असतील तर दोघं सारखेच लंबगोल होतात. रेषा आडव्या पडल्या की झाकण रुतलं.

[दृश्य: वही. कोड्याचं रेखाचित्र, शेजारी सुतळीनं बांधलेलं लेबल.]

कोडी जमवणारे जेरी स्लोकम यांनी 30,000 हून जास्त कोडी 2006 साली अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयाला दिली. तिथं ती नोंदीसह बघायला मिळतात. बेळगावच्या या कपाटांना असं ठिकाण अजून ठरलेलं नाही. नोंदवहीत मात्र प्रत्येक कोड्याला एक पान आहे: लाकूड किंवा धातू, मापं, चाली, कुठल्या महिन्यात अडतं, आणि सोडवल्यावर पुन्हा जोडायचा क्रम. क्रम लिहायचा राहिला तर कोडं आणि भुशाचा डबा यांत फरक उरत नाही.

[दृश्य: कातावर नवी डबी. कातारी ती टेबलावर फिरवतो. झाकण हलत नाही.]

[कातारीचा आवाज: "कप्पा आत अजून जरा पायजे की, काका."]

[दृश्य: बूच काढून डबी पुन्हा कातावर चढते.]