पळसाला पानं किती?

श्रोतेहो, नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं, 58 व्या वर्षी निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात जलरंगांची पेटी आणली. निसर्गचित्रं काढायची, हे फार दिवसांचं मनात होतं.

पहिल्याच फाल्गुनात आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या एका बांधावर पळस रंगवायला बसले. केशरी फुलं, हिरवे देठ, भोवती तीन-तीन पानं. पळसाला पानं तीनच, ही म्हण फळ्यावर किती वेळा लिहिली असेल! तेवढ्यात शेळ्या घेऊन एक जण मागं येऊन उभा राहिला. माझाच जुना विद्यार्थी. बराच वेळ बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "बाई, रागावू नका जी. फुलावर आल्यावर पळसाले पानं कोठं रायते?"

मी मान वर केली. अख्ख्या झाडावर पान नव्हतं. झाडासमोर बसून मी म्हण रंगवत होते.

त्यानं खाली पडलेली फुलं दुपट्ट्यात गोळा केली, एक माझ्या हातावर ठेवलं. "अन् हे पाहा, बूड काळं हाय." खरंच, पाकळ्या जिथून निघतात ती वाटी काळपट, बोटाला मखमलीसारखी लागणारी. पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. वर्गात हा मुलगा खिडकीबाहेर बघायचा, म्हणून मी त्याला कितीदा टोकलं होतं. त्याचं आजही वाईट वाटतं.

शिक्षक ऐकत असतील तर त्यांना हात जोडून सांगते, चित्रकलेचा तास गणिताला देऊ नका. परीक्षा जवळ आली की मीही दिलाय. तो तास मुलांना परत मिळत नाही.

तर आधी बघा, मग रंगवा. रंग साधे चालतील, कागद मात्र जाड घ्या, 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा. वहीचा कागद पाण्यानं फुगतो. पांढऱ्यासाठी रंग नको, तिथं कागदच कोरा सोडा. आपल्याकडच्या उन्हात ब्रश फिरेपर्यंत रंग वाळतो, तेव्हा सकाळी आठच्या आत उरका. पुन्हा सांगते, आधी बघा.

काल त्याच मुलाचा फोन आला, "बाई, तळ्याकाठचा मोह पडून रायला, या." मोहाची फुलं पहाटे पडतात. उद्या पाचलाच निघायचं आहे.